चोर्ला उतरून पणजी आणि जुनं गोवं: किनारा सोडून एक दिवस

बेळगाव-खानापूरकडची मंडळी गोव्याला निघाली की गाडी थेट कळंगुट नाहीतर हरमलच्या दिशेनं जाते. पणजी बाजूलाच राहून जाते. पण ज्या मांडवीच्या काठानं साडेतीनशे वर्षं जहाजं येत राहिली, तिथलं जुनं गोवं आणि नंतरची राजधानी पणजी या दोन गावांसाठी एक अख्खा दिवस राखून ठेवावा. आपल्याकडून तीन तासांच्या अंतरात बघणं, खाणं आणि खरेदी या तिन्ही बाबतीत इतकं भरून देणारी दुसरी जागा नाही. मात्र चुकीच्या वारी किंवा चुकीच्या वेळी पोचलात तर बंद दारं बघून परत यावं लागतं. म्हणून आधी वेळेचं गणित.

पहाटे साडेपाचला बेळगाव सोडा. पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी हा रस्ता. साखळीला आल्यावर बहुतेक जण डिचोलीकडून म्हापशाच्या बाजूला वळतात आणि मग पर्वरीच्या गर्दीत सापडतात. तसं करू नका. साखळीहून आमोणेचा पूल ओलांडून खांडोळा, माशेल, बाणस्तारी असं आलात तर सरळ जुन्या गोव्यातच उतरता, आणि पणजीच्या आधी जुनं गोवं हा क्रमही आपोआप जमतो. नकाशात एक घोळ होतो तो लक्षात ठेवा: ‘गोवा वेल्हा’ असं टाकलंत तर गाडी पणजी-मडगाव रस्त्यावरच्या आगशीजवळच्या दुसऱ्याच गावात जाईल. ‘ओल्ड गोवा’ किंवा ‘बॉम जेझस बॅसिलिका’ असंच शोधा.

जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबी ते चोर्ला भागात धुकं इतकं असतं की पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा उशिरा दिसतात, आणि पावसानं रस्त्याची चाळण झालेली असते. त्या दिवसांत अर्धा-पाऊण तास जादा धरा आणि अंधारात घाट करूच नका. बसनं जाणाऱ्यांनी उलटा क्रम घ्यावा. बेळगावहून कदंबच्या आणि आपल्या वायव्य कर्नाटकच्या गाड्या पणजी स्टँडवर सोडतात. तिथून जुन्या गोव्याला दहा किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि लोकल बस सारख्या असतात.

वारांचं असं: रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतात, त्यामुळं आत फिरता येत नाही, आणि पणजीतली बरीच दुकानं दिवसभर बंद. शुक्रवारी जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बंद. सोमवारी मांडवीपलीकडचा रेइश मागुशचा किल्ला बंद. उरले मंगळवार ते गुरुवार आणि शनिवार. शनिवारी गर्दी असते, म्हणून सुट्टी मिळत असेल तर मंगळवार-बुधवार घ्या. २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताचे दिवस. तेव्हा भाविकांची रीघ असते, नुसतं बघायला जाणाऱ्यांनी टाळावं.

जुन्या गोव्यात गांधी सर्कलजवळ गाडी लावा आणि पुढचं सगळं पायी. नऊच्या सुमारास बॅसिलिकात शिरलात तर सहलींच्या बस यायच्या आधी निवांत बघून होतं. काम १५९४ ला सुरू झालं, १६०५ ला पूर्ण झालं. भिंत उघड्या जांभ्या दगडाची आहे, आपल्याकडच्या घरांना असतो तोच चिरा. मुळात तिला गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकला आणि तेव्हापासून पावसाचं पाणी दगडात मुरण्याचा प्रश्न कायमचा लागला. दर्शनी बाजूचं कोरीवकाम मात्र वसईहून आणलेल्या काळ्या दगडात आहे. जवळ जाऊन दोन्ही दगडांवर ऊन-पावसानं काय फरक केलाय ते बघा. आत उजवीकडं झेवियरचं शव असलेली चांदीची पेटी उंचावर ठेवलेली आहे. शव जवळून दर्शनाला दर दहा वर्षांनीच काढतात. मागचं प्रदर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झालं. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. आत पोज देऊन फोटो काढलेलं चालत नाही, आणि ते पाळावं. लोक तिथं प्रार्थनेला बसलेले असतात.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल. १५६२ ला सुरू होऊन १६१९ ला उभं राहिलं. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधलाच नाही. म्हणून इमारत एका बाजूला कललेली वाटते. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ आहे. शेजारच्या असिसीच्या सेंट फ्रान्सिस चर्चची जमीन सोडू नका: जुन्या थडग्यांच्या शिळाच तिथं फरशी म्हणून बसवल्यात, त्यांवर घराण्यांची चिन्हं कोरलेली आहेत. त्याला लागूनच संग्रहालय. तिथं गव्हर्नरांच्या तसबिरींच्या रांगेपेक्षा खालच्या मजल्यावरच्या कदंबकालीन मूर्ती आणि वीरगळ यांना जास्त वेळ द्या.

कदंबांचं नाव आपल्याला परकं नाही. खानापूर तालुक्यातली हलशी म्हणजे त्यांची पलाशिका. तिथल्या भूवराह नरसिंह मंदिरात गोव्याच्या कदंबांचा बाराव्या शतकातला शिलालेख आहे. हलशीचा मुलूख आणि कोकणचा किनारा एकाच घराण्याच्या हाती होता. त्यांचं बंदर झुआरीकाठचं गोपकपट्टण, म्हणजे वर सांगितलेलं तेच गोवा वेल्हा. झुआरीकाठचं बंदर मागं पडलं आणि व्यापार मांडवीकडं सरकला. पुढं विजापूरच्या आदिलशहाच्या ताब्यातलं मांडवीकाठचं हे शहर १५१० मध्ये आफोंसो द अल्बुकर्कनं घेतलं. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मुळात समोरच्या दिवाडी बेटावर होतं. ते देऊळ पाडलं गेल्यावर देव नदीपलीकडं नार्व्याला नेला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. वेळ असेल तर परतताना डिचोली तालुक्यातलं हे नार्वे जरूर करा. हलशी पाहिलेल्या माणसाला तिथं जास्त कळतं.

कॅथेड्रलकडून नदीच्या दिशेनं उतरलं की व्हाइसरॉयची कमान लागते. बंदर काय होतं ते इथंच समजतं, आणि नेमकं इथंच कोणी थांबत नाही. वास्को द गामाच्या पणतवानं, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, १५९९ च्या सुमारास ही बांधली. वास्कोचा पुतळा नदीकडच्या तोंडावर आहे, म्हणून कमानीतून पलीकडं जाऊन मागं वळून बघा. जहाजातून उतरणारा प्रत्येक नवा गव्हर्नर याच दारातून शहरात शिरायचा. जवळच सेंट कायटन चर्चच्या बाजूला आदिलशाही वाड्याच्या दाराची काळ्या दगडाची चौकट तेवढी शिल्लक आहे. कमानीपुढं दिवाडीची फेरीबोट लागते. साध्या फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही. वीस मिनिटं हाताशी असतील तर जाऊन-येऊन करा. पाण्यावरून मागं पाहिलं की झाडीतून वर आलेले मनोरे दिसतात, जहाजावरच्या माणसाला शहर कुठून दिसायचं ते कळतं.

शेवटी टेकडीवरचा सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा. ४६ मीटर उंच, पूर्ण जांभ्याचा. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं धर्मसंघ बंद केल्यावर मठ ओस पडला आणि टप्प्याटप्प्यानं कोसळत गेला. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणात शिराझला ठार मारलं. तिचे अवशेष याच पडक्या मठाच्या उत्खननात सापडले आणि २०२१ मध्ये भारतानं ते जॉर्जियाला दिले. इथं सावली नाही, म्हणून उन्हाळ्यात हा मनोरा सगळ्यात आधी करा. अडीच हजार फुटांवरच्या आपल्या हवेची सवय असलेल्यांना मार्च ते मे मधला इथला दमटपणा जड जातो. माणशी किमान एक लिटर पाणी जवळ हवं.

सव्वाअकरापर्यंत निघा आणि बायपासनं न जाता रायबंदरवरून नदीकाठानं पणजीत या. हा रस्ता म्हणजे १६३३-३४ मध्ये बांधलेला लिन्यारिश पूल, तीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा बांध. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खाजण आणि मिठागरांची जमीन. आजही यावरून वाहतूक चालते.

पणजीत पाटो भागात गाडी लावून द्या आणि संध्याकाळपर्यंत तिला हात लावू नका. ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर जागा शोधत फिरण्यात पाऊण तास सहज जातो.

जेवण साडेबाराच्या आत. माशाच्या थाळीसाठी १८ जून रस्त्यावरचं रिट्झ क्लासिक आणि ३१ जानेवारी रस्त्यावरचं आनंदाश्रम ही दोन नावं पक्की. रिट्झमध्ये एकनंतर जिन्यापर्यंत रांग लागते, पण थाळीत प्रकार भरपूर: भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, तळलेला तुकडा, तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, एखादी भाजी, सोलकढी. आनंदाश्रम लहान आणि साधं. हुमणासाठी आनंदाश्रम, तळलेल्या माशासाठी रिट्झ, असा आमचा कौल. बसल्यावर पहिल्यांदा आज कुठला मासा आहे ते विचारा. साध्या थाळीत लहान बांगडा किंवा मुडदुशी येते. इसवण किंवा चणक मागितलात तर त्याचे पैसे वेगळे लागतात आणि भाव तुकड्याच्या आकारावर असतो. तो आधी विचारून घ्या, बिल आल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. भात ‘उकडो’ मागा. जाड, तांबूस दाण्याचा हा भात हुमण धरून ठेवतो. आपल्या सवयीचा पांढरा भात हवा असेल तर ‘सुरय’ म्हणायचं. हुमण चांगलं असेल तर तोंडात आधी ताज्या खोबऱ्याची गोडी, मग कोकमाची आंबटाई आणि बांगड्याच्या हुमणात तिरफळाचा वास येतो. रव्यातला तुकडा बाहेरून मऊ पडला असेल तर तो आधी तळून ठेवलेला आहे. गरम तळून आणा म्हणून सांगावं, आणतात.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तेव्हा थाळीतला समुद्राचा मासा बहुतेक बर्फातला. त्या दोन महिन्यांत तिसऱ्या किंवा खाडीची कोळंबी मागवणं शहाणपणाचं. श्रावणात आणि सोमवारी बरेच गोवेकर स्वतःच शाकाहारी असतात, त्यामुळं शाकाहारी माणसाची पणजीत अडचण होत नाही. सिने नॅशनलजवळचं कॅफे भोसले आणि कॅफे टाटो ही नाश्त्याची जुनी ठिकाणं. पातळ भाजी-पाव, सुकी भाजी, मिरची भजी आणि पिकलेलं केळं घालून केलेले गोड बन. ‘मिक्स’ म्हटलं की पातळ आणि सुकी एका बशीत येते. नवख्यानं तीच मागवावी. चहा आपल्यापेक्षा फिका वाटेल.

एक ते साडेतीन-चार दुकानं बंद. जेवून लगेच खरेदीला निघाल तर कुलपं दिसतील. हा वेळ फोंतान्यश आणि मळा भागात घाला. घरं पिवळी, निळी, तांबडी. कौलारू छपरं, रस्त्यावर झुकलेल्या लाकडी गॅलऱ्या, शिंपल्यांच्या काचा. सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चर्चमध्ये उघड्या डोळ्यांचा क्रूसावरचा येशू आहे, तो पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. दुपारी दार लावलेलं असलं तर चिडू नका, ते गल्लीचं चर्च आहे. ही राहती घरं आहेत. पायऱ्यांवर बसून, दाराला टेकून कपडे बदलत फोटो काढणाऱ्यांनी इथल्या लोकांना जेरीस आणलंय आणि ठिकठिकाणी पाट्या लागल्यात. हळू आवाजात फिरा, माणसं दिसली तर विचारून फोटो घ्या. ३१ जानेवारी रस्त्यावरची ‘कॉन्फेइतारिया ३१ द जानेइरो’ ही जुनी बेकरी याच वाटेवर लागते. मटण पॅटिस आणि बेबिंका, दोदोल हे गोड पदार्थ मिळतात. कॅथलिक पद्धतीचं जेवण, म्हणजे शाकुती, काफ्रेआल, बालशांव, हवं असेल तर इथंच विव्हा पंजिम आहे. मात्र या भागातल्या खानावळीत पोर्क सर्रास असतं, चालत नसेल तर मागवतानाच सांगा.

मळ्याच्या वर मारुतीचं देऊळ आहे, तिथून खालची कौलं आणि खाडी दिसते. मग चर्च चौक. नागमोडी जिन्याचं निष्कलंक गर्भसंभव चर्च सगळ्यांनी चित्रात पाहिलेलं असतं. वरची मोठी घंटा ऑगस्टीनच्या त्या पडक्या मनोऱ्यातून आणलेली आहे हे सकाळचं पाहून आलेल्याला महत्त्वाचं वाटेल. नदीकाठी आदिलशहाचा जुना वाडा, म्हणजे पूर्वीचं सचिवालय, आणि शेजारी बाईला संमोहित करणाऱ्या आबे फारियाचा पुतळा. आबे फारिया १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेला गोवेकर, पॅरिसमध्ये त्यानं संमोहनाचे प्रयोग केले. यापुढं पणजीत बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण एका दिवसात इतकंच नीट होतं.

खरेदी. इथं बेळगावकरानं डोकं थंड ठेवावं, कारण गोव्याहून आणायचं म्हणून जे आणलं जातं त्यातलं निम्मं आपल्याकडंच मिळतं. पणजी मार्केटातला कोबी, फ्लॉवर, मिरची बेळगावातून गेलेली असते. काजूचंही तसंच. चंदगड आणि खानापूरच्या पट्ट्यात काजू पिकतो, सोलण्याचे कारखानेही आहेत. आधी घरचा भाव माहीत करून मग इथं उभे राहा. पाकिटावरचा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात ते. डब्ल्यू १८० सर्वांत मोठा, मग २१०, २४०, ३२०. भेट द्यायला २४०, घरी खायला ३२० पुरे, आणि वाटणासाठी पाकळी किंवा तुकडा निम्म्या कष्टात तेच काम करतो. आकार मोठा म्हणजे चव चांगली असं नाही. बाहेरून आलेला कच्चा माल इथं सोलून विकला जातो, म्हणून ‘गावठी काय?’ असं विचारा. सालासकट भाजलेला गावठी काजू मात्र घेण्यासारखा. पाकीट फोडून एक दाणा चावून बघा: मऊ पडला किंवा जुन्या तेलाचा वास आला तर नको.

जे खरोखर इथून घ्यावं ते मार्केटातल्या खाली बसलेल्या बायकांकडं आहे. सोलं म्हणजे आमसुलं: गर्द जांभळी, मऊ, बोटाला चिकटणारी हवीत. कडक आणि वर मिठाची पांढरी खर असलेली जुनी असतात. नवा माल मेमध्ये. आगळ, म्हणजे कोकमाचा रस, घेताना तळाशी साखरेचा पाक नको, ते सरबत झालं. आगळ खारट-आंबटच असतं. तिरफळं उघडलेली, आतलं काळं बी काढलेली घ्या, बी कडू लागतं. खोल्याची आणि हरमलची मिरची, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. रंगासाठी आपली ब्याडगी आहेच, पण हुमणाची चव ब्याडगीवर येत नाही. माडाचा गूळ काळपट, ढेप चिखलाच्या रंगाची, चवीला किंचित खारट. दमट हवेत पाझरतो, म्हणून डबल पिशवीत बांधून उभा ठेवा. आगशीची वांगी मिळाली तर दोन घ्या, भरतासाठी त्यांना तोड नाही. सुकी मासळी एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या बेगमीच्या वेळी घ्या. इतर वेळी दमटपणा धरलेली असते.

पाव घेणार असाल तर पोई. कोंड्याची, पोकळ, वर पिठाची भुकटी असलेली. सकाळची पोई संध्याकाळी चामट होते, म्हणून निघायच्या आधी दुपारनंतरची ताजी मागा. बेबिंकात अंड्याचा पिवळा बलक असतो, घरात अंडं चालत नसेल तर हे सांगूनच द्या. नारळाचं दूध, बलक, मैदा, साखर, तूप असं मिश्रण एकेक थर वरून भाजून करतात, म्हणून महाग पडते. कापलेल्या तुकड्यात थर वेगळे दिसले आणि मधे ओलसर पण पिठूळ नसलं तर चांगली. नुसत्या रंगाचे पट्टे असतील तर सोडा.

फोंतान्यशमधल्या वेल्हा गोवा गॅलरीत निळ्या-पांढऱ्या आझुलेजु फरशा मिळतात. हातानं रंगवलेल्या फरशीवर ब्रशच्या रेषेची जाडी कमी-जास्त होते. छापील फरशीवर ती सगळीकडं एकसारखी. बाहेरच्या गाड्यांवर स्टिकर लावलेल्या फरशा असतात, कडेला नखानं ओरखडलं की कळतं. घराच्या नावाची पाटी करून घ्यायची असेल तर लागणारे दिवस आणि कुरिअर आधीच ठरवा. व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं असलेले मग आणि छापील चित्रं मारियो गॅलरीत घ्यावीत.

त्याच दिवशी परत यायचं असेल तर पाचला पणजी सोडा, म्हणजे चोर्ला उजेडात होतो. म्हणून रस-ऑम्लेट, म्हणजे ऑम्लेटवर शाकुतीचा गरम रस्सा, कांदा, लिंबू आणि पाव, हे रात्री राहणाऱ्यांसाठीच, कारण गाडे अंधार पडताना लागतात. राहणाऱ्यांनी बेतीच्या फेरीनं पलीकडं जाऊन रेइश मागुशचा किल्लाही करावा. नोव्हेंबरातला चित्रपट महोत्सव, नाताळ ते नववर्ष आणि कार्निव्हल या काळात खोल्यांचे भाव चढतात. मांडवीतल्या गाण्याबजावण्याच्या बोटीला पैसे घालण्यापेक्षा बेतीची फेरी दोनदा करा.

परतीला साखळीत टाकी भरा, पेट्रोल आपल्यापेक्षा सहसा स्वस्त असतं. बाटल्या मात्र गाडीत ठेवू नका. ‘फॉर सेल इन गोवा ओन्ली’ छापलेली दारू कर्नाटकात आणता येत नाही, कणकुंबीच्या नाक्यावर अबकारीवाले डिकी उघडायला लावतात, आणि मग बाटलीबरोबर तास-दोन तासही जातात. घरी पोचल्यावर पोई त्याच रात्री खा. उरली तर सकाळी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून तव्यावर गरम करा.